दोन्हीकडचा वजू

“उस्तानी, वजू कुणाचा करू? दादीचा की अम्मीचा?”

तहसीन मुकादम माझ्या पडवीच्या पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की गावातली मुलं माझ्याकडे कुराण वाचायला शिकायला येत. दिवसभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी पडवीत. कुराणाला हात लावण्याआधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, पाय रीतीने धुऊन पाक व्हायचं, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम.

“वजू काय घराघराचा वेगळा असतो?” मुजम्मिल ओरडला. “लोणचं आहे काय?”

सगळी पोरं खिदळली. तहसीन मात्र हसली नाही. ती सात वर्षांची होती आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत जागची हलायची नाही.

“दादीचा वेगळा असतो का गो?” मी विचारलं.

“दादी म्हणते, कापलं नि रक्त आलं तरी वजू तुटत नाही. कराडची नानी म्हणते, रक्त वाहिलं की तुटतो. आणि दादी म्हणते, अब्बांचा हात लागला तर अम्मीचा वजू तुटतो. नानी म्हणते, नाही तुटत.”

“मग अम्मी काय म्हणते?”

“अम्मी दोन्ही करते,” तहसीन म्हणाली. आमच्या घरी दोन विहिरी आहेत, असं सांगावं तशा अभिमानाने.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई रीतीने चालतो. घाटावरचे बहुतेक हनफी. नमाज तीच, अल्ला तोच, पण बारीकसारीक गोष्टींत दोन इमामांची दोन मतं. दोन्ही बरोबर. खाडी ओलांडायला दोन होड्या असतात, त्यातल्या कुठल्याही एकीत बसावं, पलीकडे पोचतोच. तहसीनची आई मैमूना कराडची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. एका होडीत एक पाय आणि दुसरीत दुसरा ठेवून ती उभी होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“दादीचाच कर,” मी म्हटलं.

तहसीनने हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं. कोपरापर्यंत हात धुऊन थांबली. कोपर वळवून वळवून बघितलं. पुन्हा धुतलं. “उस्तानी, इथे कोरडं राहिलं का?” नाही, म्हटलं. तिने पुन्हा धुतलं. मग तांब्यात पाणी उरलं नाही, तशी दुसरा तांब्या भरून घेतला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. मागे मुलांची रांग लागली. मुजम्मिल म्हणाला, “हिचा वजू होईतो आमची दाढी येईल.”

मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. पोर आपल्या मनाने असं करत नसतं. ते कुणाचं तरी बघून करतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुकादमांकडे गेले. एप्रिल सरत आला होता. अंगणात चटईवर कोकमाची सालं वाळत घातली होती आणि रोशनबी, म्हणजे मैमूनाची सासू, कावळे हाकत बसली होती.

“सून कुठाय?”

“न्हाणीत.”

“आंघोळीला एवढ्या उशिरा?”

“आंघोळ कसली! दुपारच्या जोहरचा वजू चाललाय अजून.” रोशनबीने काठी आपटली. “विहिरीने तळ गाठला, खैरून, पण हिचा वजू संपत नाही. गावातल्या बाया म्हणतात, मुकादमांची सून औलिया आहे. औलिया! भात करपतो औलियाचा.”

“बोललीस तिला?”

“काय बोलू? चोरी करत असती तर बोलले असते. नमाज करू नको असं कुठच्या तोंडाने सांगू? उद्या कयामतीला मलाच विचारतील.”

मग ती माझ्याजवळ सरकली. इल्यास, तिचा मुलगा, कुवेतहून रजेवर आला होता. दोन वर्षांनी घरी आलेला नवरा, आणि बायको त्याच्या हातून चहाचा कप घेत नव्हती. खाली ठेवा, म्हणायची. बोट लागेल म्हणून. तो अंथरुणावर या टोकाला, ती त्या टोकाला.

“रजा संपायच्या आत तिला कराडला सोडून येणार म्हणतो. भांडत नाही, रागावत नाही. नुसता म्हणतो, तिला मी नको आहे, अम्मा. आणि तहसीन इथेच राहील. तिची शाळा आहे.”

“तहसीनला आईपासून तोडणार?”

“मग काय करू गो? पोर पण आता तासतास धूत बसते.”

तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं. मैमूना बाहेर आली. मला बघून तिने पदर नीट केला आणि हात पदराखाली घेतले.

“दाखव हात,” मी म्हटलं. शाळेतल्या पोरांना म्हणते तसंच.

तिने दाखवले. भात कापून झालेल्या शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात, तसे ते हात होते. बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटली होती आणि एका भेगेतून रक्त येत होतं.

“हे कशानं?”

“पाण्यानं, उस्तानी. धुऊन धुऊन फाटतात. फाटले की रक्त येतं. रक्त आलं की माझ्या अम्मीच्या रीतीनं वजू तुटला. मग परत करायचा. परत केला की परत फाटतात.”

“म्हणजे वजू केल्यामुळेच वजू तुटतो.”

“व्हय की,” ती म्हणाली, आणि तिला जरासं हसू आलं. आपलंच कोडं दुसऱ्या कुणीतरी बरोबर सोडवलं की येतं तसं. मग तोंड लगेच उतरलं. “मौलवीसाहेबांना विचारलं मी. ते म्हणाले, वसवसा आहे, सैतान मनात कुजबुजतो, लक्ष देऊ नको. एकच रीत धर. पण कुठली धरू? माहेरची धरली तर हात सुटत नाहीत. इथली धरली तर नवरा सुटतो. आणि सोपी बघून एक धरली, नि अल्लाला ती पसंत नसली तर? म्हणून दोन्ही करते. दोन्ही केल्या म्हणजे चुकायची भीती नाही.”

“भीती गेली का?”

तिने हात पुन्हा पदराखाली घेतले.

“मला कराडला पाठवणार आहेत,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे. माझं काही नाही, उस्तानी. पण तहसीन रात्री माझा पदर धरल्याशिवाय झोपत नाही.”

मी तिला म्हटलं, रोज संध्याकाळी मुलं गेली की माझ्याकडे ये. जे विचारायचं ते मला विचार. मला वाटलं, न समजलेली गोष्ट समजावून सांगितली की संपते. माझा जन्म त्यावरच गेला होता.

ती येऊ लागली. पायरीवर बसायची आणि विचारायची. कपाळाच्या केसांच्या मुळाशी पाणी पोचलं नसेल तर? चूळ भरताना मनात दुसराच विचार आला तर? शिंतोडा पायावर उडाला, तो जमिनीवरून उडाला असेल तर? मी प्रत्येकाचं उत्तर द्यायची. किताब काढून दाखवायची. पक्कं आठवत असेल ते धर, नुसत्या शंकेनं काही तुटत नाही, हे तिला दहा तऱ्हांनी सांगितलं. तिचा चेहरा खुलायचा. हलकी होऊन घरी जायची. आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायची.

“उस्तानी, मघाशी मी तुम्हाला नीट सांगितलं ना? मी म्हटलं पायावर. पण घोट्याच्या वर होतं. मग पण तेच उत्तर ना?”

“तेच.”

दुसऱ्या दिवशी कालचाच प्रश्न नवा होऊन यायचा. हातांच्या भेगा वाढतच होत्या. शेवटी मी इल्यासला गाठलं आणि म्हटलं, कराडची गाडी नंतर बघ, आधी चिपळूणला चल. तिथे मनाच्या आजारांचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात असं शाळेत कळलं होतं.

आम्ही तिघं गेलो. डॉक्टर बर्वे वयस्कर होते. मैमूनाचं सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाले, “हा आजार आहे. मन एका जागी अडकतं. कुणाचं कुलपात अडकतं, दार लावलं का म्हणून दहादा बघतात. माझ्या एक पेशंट आहेत, सोवळ्यातल्या. त्यांचं विटाळात अडकलंय. तुमचं वजूत अडकलंय. ज्याला माणूस सगळ्यात जास्त जपतो, तिथेच हा आजार दात रोवतो.”

“म्हणजे माझा ईमान कच्चा नाही?” मैमूनाने विचारलं.

“ते मला तपासता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “हात तपासता येतात. हे मलम, आणि ही गोळी रोज.”

“गोळीत काही नापाक नाही ना?”

इल्यासने डोळे मिटून घेतले. डॉक्टर मात्र मिस्कील हसले. “चांगला प्रश्न आहे. या बाईंना विचारा. पण एकदाच.” मग माझ्याकडे वळले. “ही तुम्हाला रोज विचारते, आणि तुम्ही रोज सांगता?”

“शिक्षिका आहे मी. पोराने शंभरदा विचारलं तर शंभरदा सांगते.”

“पोराला कळत नाही म्हणून ते विचारतं. हिला सगळं कळतं. कळूनही पुरत नाही, म्हणून विचारते. तुमचं उत्तर तिला फाटकापर्यंत तरी पुरतं का?”

फाटकाचं त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

“वजू कसा करायचा, हे तुम्ही ठरवा. तो तुमचा विषय. पण ठरलं की ठरलं. त्यानंतर तिने विचारलं, तर घरात कुणीही उत्तर द्यायचं नाही. हो नाही, नाही नाही. ती रडली तरी नाही. तुम्ही तर अजिबात नाही, कारण तुमच्यावर तिचा सगळ्यात जास्त विश्वास आहे.”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? प्रश्न घेऊन दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

परत येताना एसटीत मी मैमूनाला म्हटलं, “दोन्ही रीती खऱ्या आहेत. कुठलीही धर. मी सांगणार नाही, तूच ठरव.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. घाटातली वळणं संपून सपाट रस्ता लागला, तेव्हा म्हणाली, “इथलीच धरते. इथंच राहायचंय ना मला.”

पुढच्या बाकावर इल्यास बसला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण त्याची मान जरा ताठ झाली.

गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या. त्यात वाईट दिवसही आले, एकदा तर तिने गोळ्या चुलीत टाकल्या. पण मला आठवते ती चिपळूणहून आल्यानंतरची पहिलीच मगरीबची नमाज. मगरीबची वेळ मोठी कठीण. सूर्य बुडाल्यापासून आभाळाची लाली जाईपर्यंत, तेवढीच. मैमूनाची मगरीब नेहमी हुकायची. वजू होईतो अंधार पडायचा.

मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले, तहसीनला मांडीवर घेऊन. रोशनबीला आधीच अंगणात पाठवलं होतं, कारण तिला गप्प बसणं जमण्यासारखं नव्हतं. “झाला गो तुझा वजू, ऊठ आता” हे सुद्धा उत्तरच, हे तिला पटत नव्हतं.

अजान झाली. इल्यास टोपी घालून मशिदीत गेला. मैमूनाने एक तांब्या भरून घेतला आणि पिंपावर झाकण ठेवलं.

हात धुतले. चूळ भरली. तोंड धुतलं. उजवा हात कोपरापर्यंत धुतला आणि थांबली.

“उस्तानी, कोपर भिजलं का?”

मी गप्प.

“भिजलं ना?”

तहसीनने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. तिने तोंड मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या आईला दाराबाहेर काढलं होतं.

मैमूनाचा हात तांब्याकडे गेला, परत आला. पुन्हा गेला, परत आला. अंगणातून कोकमाचा आंबट वास येत होता. माडाच्या शेंड्यावरचं ऊन कधीच गेलं होतं. शेवटी तिने डावा हात धुवायला घेतला. ओल्या हाताने डोकं पुसलं. पाय धुतले. सगळं एकेकदा, नीट. आणि ती उभी राहणार, तेवढ्यात करंगळीची भेग उकलली. पाण्यात मिसळून रक्ताची एक रेघ मनगटापर्यंत आली.

“वाहिलं,” ती म्हणाली. “उस्तानी, हे बघा, वाहिलं. इथल्या रीतीनं चालतं ना? तुम्हीच म्हणाला होता ना, इथल्या रीतीनं रक्ताचं काही नाही?”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“एवढंच सांगा. हो म्हणा नुसतं. यानंतर कधी विचारणार नाही, तहसीनची शपथ. मान हलवा की!”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका अक्षराचं होतं. ते दिलं असतं तर ती त्या क्षणी हसली असती, आणि मी घरी जाऊन सुखाने जेवले असते. बाहेर मशिदीतून परतणाऱ्या पुरुषांच्या चपलांचा आवाज येऊ लागला. त्यांची नमाज संपली होती.

पोरं पाटीवर अक्षर गिरवतात, तेव्हा सुरुवातीला मी त्यांचा हात धरते. एक दिवस सोडते. पोर दचकून वर बघतं, अक्षर वाकडं जातं. पण मी परत धरला तर ते अक्षर माझंच राहतं, त्याचं कधीच होत नाही. हे मी इतक्या पोरांना करून दाखवलं होतं, आणि तरी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून ते मला नव्याने शिकावं लागलं. ती उत्तर मागतच नव्हती. तिची भीती मी धरावी, एवढंच मागत होती. आणि मी ती रोज धरत आले होते.

“उस्तानी, रागावलात का माझ्यावर?”

“नाही गो बाय,” मी म्हटलं. याला उत्तर द्यायला डॉक्टरांची मनाई नव्हती.

ती तशीच उभी राहिली. मग हात न धुता, न पुसता, आतल्या खोलीत गेली. मुसल्ला अंथरला. मी आणि तहसीन दारापाशी आलो. तिने हात कानापर्यंत उचलले. “अल्लाहु अकबर,” ती म्हणाली आणि थांबली. हात खाली येईनात. मला वाटलं, आता मागे फिरणार. तहसीन माझ्या पदरात तोंड खुपसून उभी होती.

हात खाली आले. छातीवर बांधले गेले. तिने फातेहा म्हणायला सुरुवात केली.

मी आयुष्यात पुष्कळ नमाजा बघितल्या, मक्केतल्या सुद्धा. पण भीत भीत, पाय रोवून, एकेक शब्द ओझ्यासारखा उचलून म्हटलेली अशी नमाज मी दुसरी बघितली नाही. नमाज संपवून तिने सलाम फिरवला तेव्हा खिडकीत लालीची एक पट्टी अजून शिल्लक होती. माझी मगरीब राहिली होती. मी तिच्याच मुसल्ल्यावर उभी राहिले.

माझी नमाज होऊन बघते तो मैमूना भिंतीला टेकून बसली होती, तहसीन तिच्या कुशीत शिरली होती आणि इल्यास दारात उभा होता. तो कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं.

“झाली का हो माझी नमाज, उस्ता...” मैमूनाने सुरुवात केली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. “नाही. नाही विचारत.”

“काय गो, वारल्या की काय सगळ्या आत?” अंगणातून रोशनबी ओरडली. “कुणी काही सांगाल की नाही? का मला पण उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय?”

तहसीन फसकन हसली. इल्यासही हसला, आणि हसता हसता त्याची नजर मैमूनाच्या करंगळीवर गेली. रक्त सुकून काळं झालं होतं. तो चटकन पुढे झाला, तिचा हात बघायला आपला हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबला. इतक्या दिवसांची सवय. त्याने हात मागे घ्यायला सुरुवात केली.

“मलम कुठं ठेवलंय?” मैमूनाने विचारलं.

“फळीवर.”

“मग आणा की. मला एका हातानं लावता येत नाही.”

त्याने मलम आणलं आणि तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं, रोजच्यासारखं. ती त्या डबीकडे बघत राहिली. मग तिने आपला हात त्याच्यापुढे धरला.

“वजू आहे ना तुझा?” तो हळूच म्हणाला. “रात्री इशाच्या नमाजपर्यंत टिकवायचा असेल.”

“इथल्या रीतीनं तुटेल,” ती म्हणाली. “तुटू दे. इशाला परत करीन.”

“किती वेळा?”

त्याच्या आवाजात इतकी भीती होती, की तिने माझ्याकडे बघितलं. मी वर कौलांकडे बघू लागले.

“एकदा,” मैमूना म्हणाली. मग जरा थांबून, “आज तरी एकदा.”

इल्यास तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने तो हात आपल्या हातात घेतला.